अप्सरेच्या तळ्याकाठची नोकरी

टिटवाळ्याच्या महागणपतीचं दर्शन झालं की लोक देवळाशेजारच्या तळ्याकाठी घटकाभर टेकतात. इथे कण्व मुनींचा आश्रम होता आणि त्यांच्या सांगण्यावरून शकुंतलेने इथल्या गणपतीची आराधना केली, अशी पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. आता ही शकुंतला मुलगी कुणाची? मेनकेची. आणि मेनका कोण? अप्सरा. अप् म्हणजे पाणी. पाण्यात विहरणारी ती अप्सरा, अशी या शब्दाची फोड सांगतात.

याच टिटवाळ्याहून लोकल पकडा, कुर्ल्याला हार्बरच्या गाडीत बसा आणि मानखुर्दला उतरा. तिथून जवळच, तुर्भ्याला, ज्याला आपण सवयीने ट्रॉम्बे म्हणतो, दुसरी एक अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचार वाजता जागी झाली. तीही पाण्यातच राहत होती. सुमारे आठ मीटर खोल हौद, त्यात काचेसारखं नितळ पाणी आणि त्या पाण्यात वरून लोंबकळत ठेवलेल्या युरेनियमच्या पट्ट्या. एवढीच ती अणुभट्टी! सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली. इंधन इंग्लंडकडून आलं, बाकीची रचना आणि उभारणी आपल्या माणसांनी साधारण सव्वा वर्षात केली.

जानेवारी १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं नाव ठेवलं 'अप्सरा'. कारण? भट्टी चालू झाली की हौदातलं पाणी निळं उजळायचं. दिवा नाही, ज्योत नाही, धूर नाही, आणि खोल पाण्यातून मोरपिशी निळा प्रकाश वर येतोय.

हा प्रकाश येतो कुठून? शाळेत आपण घोकलेलं असतं की प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जाऊ शकत नाही. पण त्या वाक्याला एक शेपूट आहे: निर्वात पोकळीत. पाण्यात शिरल्यावर प्रकाश मंदावतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटरवरून सव्वादोन लाखांवर येतो. आणि भट्टीतून सुटलेले काही इलेक्ट्रॉन त्याच पाण्यात त्याहून जोरात पळतात. म्हणजे पाण्यापुरते ते प्रकाशाला मागे टाकतात! कल्याणच्या खाडीत होडी स्वतःच्या लाटांपेक्षा वेगाने निघाली की मागे पाण्यावर बाणाच्या टोकासारखी लाट उमटते, ती आठवा. इलेक्ट्रॉनच्या मागे तशीच लाट उमटते, फक्त ती पाण्याची नसते, प्रकाशाची असते. पावेल चेरेंकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये ती नोंदली आणि १९५८ मध्ये तिच्यासाठी नोबेल मिळालं. ही लाट डोळ्यांनी पाहायला मिळणं, आणि तेही रोज कामावर आल्यावर, याहून मोठं भाग्य मला तरी सुचत नाही.

पण निळा प्रकाश ही नुसती झालर. खरी करामत त्या पट्ट्यांच्या आत आहे.

खाणीतून काढलेल्या एक किलो युरेनियममध्ये कामाचं, म्हणजे सहज फुटणारं युरेनियम-२३५ फक्त सात ग्रॅम असतं. त्याच्या अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन शिरला की ते केंद्र पाण्याच्या थेंबासारखं डचमळतं, लांबट होतं, मधोमध आवळलं जातं आणि त्याचे दोन तुकडे होतात. सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन उडतात आणि ऊर्जा सुटते. किती? एक किलो युरेनियम-२३५ पुरतं फुटलं तर अडीच-तीन हजार टन कोळसा जाळल्याइतकी. टिटवाळा स्टेशनात लोकलची वाट बघताना समोरून वाघिणींची लांबच लांब मालगाडी धडधडत जाते ना? ती अख्खी गाडी कोळशाने भरली तर कुठे हिशेब जुळेल. आणि किलोभर युरेनियम? आवळ्याएवढं!

मग पाणी कशाला हवं? इथे कॅरम आठवा. नवे न्यूट्रॉन सुटतात तेव्हा त्यांचा वेग असतो सेकंदाला वीस हजार किलोमीटरच्या आसपास. इतक्या घाईत ते युरेनियमच्या केंद्राजवळून निघून जातात, सहसा त्याच्या हाती लागत नाहीत. त्यांना हळू करायला हवं. कॅरमच्या फ्रेमवर सोंगटी आपटली तर ती जवळजवळ त्याच जोरात परत येते. पण तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सोंगटीवर समोरासमोर आपटली तर? पहिली जागच्या जागी थांबते, दुसरी धावत सुटते. न्यूट्रॉनच्या वजनाची सोंगटी निसर्गात कुठली? हायड्रोजनचं अणुकेंद्र. आणि हायड्रोजन कशात ठासून भरलाय? पाण्यात! हायड्रोजनशी सरासरी अठरा धडका झाल्या की न्यूट्रॉन शांत होतो. युरेनियमच्या जड केंद्रांवरच आपटत राहिला असता तर दोन हजारांहून जास्त धडका लागल्या असत्या. जे पाणी भट्टी थंड ठेवतं, माणसांना किरणांपासून वाचवतं, तेच तिला चालवतंही.

शांत म्हणजे तरी किती शांत? सेकंदाला दोन किलोमीटरच्या थोडं वर. या वेगाने टिटवाळ्याहून सीएसएमटी अर्ध्या मिनिटात! भौतिकशास्त्रात याला मंद म्हणतात.

आता मी ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

एका न्यूट्रॉनने एक केंद्र फोडलं, त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन आले. त्यातला बरोबर एक पुढचं केंद्र फोडायला उरला पाहिजे. एकाहून कमी उरला तर भट्टी विझते, जास्त उरला तर भडकते. अशा एका पिढीपासून दुसऱ्या पिढीपर्यंत वेळ किती जातो? सेकंदाचा साधारण दहा हजारावा भाग. समजा, चुकून दर पिढीला हजारात एकच न्यूट्रॉन जादा झाला. अगदी क्षुल्लक चूक. पण सेकंदात दहा हजार पिढ्या! चक्रवाढीने मांडून बघा, एका सेकंदात भट्टीची ताकद बावीस हजार पट होते. कुठला माणूस, कुठलं यंत्र एवढ्यात हात आवरेल? या हिशेबाने अणुभट्टी नावाची वस्तू जगात असायलाच नको होती.

ती आहे, कारण काही न्यूट्रॉन उशिरा येतात.

हजारातले साधारण साडेसहा न्यूट्रॉन केंद्र फुटताक्षणी निघतच नाहीत. ते फुटलेल्या तुकड्यांच्या पोटात दडून बसतात आणि नंतर बाहेर पडतात. कुणी काही सेकंदांनी, कुणी चक्क मिनिटभराने. जिथे सगळा कारभार सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात उरकतो, तिथे मिनिट म्हणजे युग झालं. भट्टी मुद्दाम अशी जुळवतात की वेळेवर आलेले न्यूट्रॉन एकट्याने पुरे पडू नयेत, साखळी पुढे न्यायला या उशिरा येणाऱ्यांची वाट बघावीच लागावी. मग तीच हजारात एकाची चूक झाली तरी ताकद दुप्पट व्हायला पाऊण-एक मिनिट लागतं. एवढ्या वेळात न्यूट्रॉन गिळणारा नियंत्रक दांडा सावकाश खाली सोडता येतो आणि भट्टी जागेवर येते. साडेसहा न्यूट्रॉन! गर्दीच्या गाडीत न चढता मागच्या गाडीने निवांत येणाऱ्या प्रवाशांसारखे. जगातली प्रत्येक अणुभट्टी त्यांच्या भरवशावर चालते.

हे सगळं सांभाळणारी माणसं कुठून आणायची? हा प्रश्न होमी भाभांना कधी पडला ते बघा. मार्च १९४४. हिरोशिमा अजून घडायचं होतं. अणूच्या पोटातल्या ऊर्जेबद्दल जगातल्या सामान्य माणसाला फारसं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्था मागितली. त्यात त्यांचं म्हणणं असं की, दोनेक दशकांनी या ऊर्जेपासून वीज करायची वेळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत. १९४५ मध्ये ती संस्था, टीआयएफआर, सुरू झाली, १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र आणि १९५७ मध्ये तिथलं ट्रेनिंग स्कूल. तारापूरची अणुवीज यायला त्यानंतर आणखी बारा वर्षं होती. म्हणजे आधी माणसं घडवली, मग वीजघर उभं राहिलं. मला विचाराल तर त्या काळात ट्रॉम्बेला झालेल्या कामांत या शाळेइतकं दूरदृष्टीचं दुसरं काही नाही.

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून १९६३ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झालेला एक तरुण त्या शाळेत गेला. नाव अनिल काकोडकर; पुढे तेच अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कसबा सांगावचे शिवराम भोजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून तिथे गेले आणि पुढे कल्पाक्कमला, पाण्याऐवजी वितळलेल्या सोडियमने थंड होणाऱ्या भट्ट्यांमागे आयुष्यभर लागले.

मेकॅनिकल इंजिनिअरला अणूत काय काम, असं वाटतं ना? मग 'ध्रुव'ची गोष्ट ऐका. १०० मेगावॉटची ही संशोधन भट्टी संपूर्ण आपल्या बळावर बांधली आणि ८ ऑगस्ट १९८५ ला ती सुरू झाली. आणि लवकरच एक अडचण पुढे आली. इंधनाच्या कांड्यांमधून जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी, जोरात वाहू लागलं की कांड्या थरथरायच्या. ओढ्याच्या धारेत वेताची काठी धरली तर ती हातात कशी कापते, तसं. थरथरून थरथरून वरचं अ‍ॅल्युमिनियमचं वेष्टण झिजायला लागलं. न्यूट्रॉनचं गणित अचूक होतं, अडलं होतं धातू आणि पाण्याच्या भांडणात. इथल्याच इंजिनिअरांनी कांडीची रचना बदलली आणि जानेवारी १९८८ मध्ये ध्रुव पूर्ण ताकदीने चालू लागली. अणुभट्टीतलं संशोधन बरंचसं असं असतं.

आणि एवढी खटपट करून मिळवलेल्या न्यूट्रॉनचं करायचं काय? मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी नेमकी अणू-अणूंमधल्या अंतराएवढी असते. म्हणून त्यांचा झोत एखाद्या पदार्थावर सोडला की आत अणू कसे रचलेत, कसे थरथरतायत, हे उलगडतं. क्ष-किरणांना जो हायड्रोजन धड दिसत नाही तोही यांना दिसतो. ध्रुवच्या झोतांवर काम करायला देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक ट्रॉम्बेला येतात.

याहून घरगुती नवल हवं असेल तर टिटवाळ्याहून उलट्या दिशेला, कसारा घाट चढून नाशिकच्या पुढे याच लोहमार्गावर जा. लासलगाव लागेल. कांद्याची ही मोठी बाजारपेठ, आणि तिथेच २००२ पासून 'कृषक' नावाचं विकिरण केंद्र आहे. अणुभट्टीत ठेवलेल्या साध्या कोबाल्टने एकेक न्यूट्रॉन गिळला की त्याचा कोबाल्ट-६० होतो आणि पुढे कैक वर्षं गॅमा किरण देत राहतो. कांद्याच्या गोण्या त्या किरणांसमोरून फिरवतात. उभा चिरलेला कांदा बघा: मधोमध हिरवट पिवळा कोंब दिसतो. मात्रा इतकी बेताची असते की त्या कोंबाच्या पेशींची वाढ तेवढी थांबते, कांदा मात्र कांदाच राहतो. किरण आरपार निघून जातात. कांदा किरणोत्सारी होत नाही. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडलं ते याच केंद्रामुळे, कारण कोयीत लपलेल्या भुंग्याचा बंदोबस्त किरणांनी होतो. शेंगदाण्याचं 'टॅग-२४' हे वाणही ट्रॉम्बेच्या केंद्रातल्याच कृषी संशोधनाचं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत केलेलं. टॅग म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट!

आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीपासून कसाऱ्यापर्यंत घराघरांत इंजिनिअरिंगची आणि एमएस्सीची मुलं आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना हे दार आहे हेच माहीत नसतं. ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल अजून चालू आहे. इंजिनिअरिंगची पदवी किंवा विज्ञानातली एमएस्सी, त्यात किमान ६० टक्के गुण, मग परीक्षेची चाळणी, मग मुलाखत. वर्षभर शिक्षण, तेही विद्यावेतनासह, आणि पुढे वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक. ज्यांना पीएचडी करायची आहे त्यांच्यासाठी २००५ पासून होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ आहे, अणुशक्तीनगरलाच. मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, सगळ्यांना तिथे काम आहे.

जुनी अप्सरा २००९ मध्ये थांबवली. १० सप्टेंबर २०१८ ला तिच्याच जागी नवी सुरू झाली, दुप्पट ताकदीची. तुमच्या घरात कुणाला भौतिकशास्त्राची गोडी असेल तर त्यांना एवढं जरूर सांगा, की निळ्या पाण्याचा तो हौद आपल्यापासून दोन लोकलच्या अंतरावर आहे आणि तिथली भरती दरवर्षी निघते.