चहाडी, फिर्याद आणि धर्मसंघ

मनुष्य मनुष्याविषयी त्याच्या पाठीमागे बोलतो, ही गोष्ट समाजाइतकीच जुनी आहे. पाणवठ्यावर, पारावर, ओसरीवर किंवा कचेरीच्या जिन्यात चार माणसे जमली की पाचव्याचा विषय निघतोच. त्यात थोडे कुतूहल असते, थोडा मत्सर असतो आणि बरीचशी करमणूक असते. या बोलण्याला आपण कुचाळकी म्हणतो. चहाडी हा तिच्याच कुळातला, पण निराळा प्रकार आहे. कुचाळकी शेजाऱ्याच्या कानाशी थांबते. चहाडी ज्याच्या हाती दंड करण्याची सत्ता आहे त्याच्या कानापर्यंत जाते. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत ‘अपैशुन’ म्हणजे चहाडी न करणे हा एक गुण मुद्दाम गणलेला आहे.

असे असूनही, जेथे आचरणाचे नियम अतिशय कडक आहेत अशा धर्मसंघांत चहाडीला वारंवार प्रतिष्ठा मिळालेली दिसते. हे कसे घडते? एरवी भल्या असलेल्या माणसांच्या हातून हे का होते? आणि दोष तर झाकू नये, पण चहाडीही माजू नये, असा काही मार्ग आहे काय? इतिहासातील तीन उदाहरणे घेऊन या प्रश्नांचा विचार करू.

पहिले उदाहरण युरोपातील जिनीव्हा शहराचे. सोळाव्या शतकात या शहराने रोमच्या पोपची सत्ता झुगारली आणि जॉन कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या मार्गदर्शनाखाली नवी धर्मव्यवस्था उभारली. १५४१ साली तेथे चर्चविषयक नियम मंजूर झाले आणि त्यांतून ‘कॉन्सिस्टरी’ नावाची सभा जन्मास आली. शहरातील धर्मोपदेशक आणि नगरसभांतून निवडलेले बारा वडीलधारी गृहस्थ मिळून ही सभा बने. ती दर गुरुवारी भरत असे. या बारा जणांची निवड करताना शहराच्या प्रत्येक भागावर कोणाची तरी नजर राहील अशी काळजी घेतली जाई. प्रत्येकाच्या वागणुकीवर लक्ष ठेवावे आणि चुकणाऱ्यास प्रेमाने समज द्यावी, असे त्यांचे कर्तव्य नियमांतच लिहिलेले होते.

या व्यवस्थेमागील विचार समजून घेतला पाहिजे. नाहीतर आपण तिला केवळ हेरगिरी म्हणून मोकळे होऊ. प्रभुभोजन हा त्या मंडळींचा पवित्र विधी. वर्षातून चार वेळा सारे शहर त्यासाठी एकत्र येई. मनात वैर किंवा पाप ठेवून कोणी त्या पंक्तीस बसला, तर तो विधी विटाळतो, आणि एकाच्या पापाचा भार साऱ्या मंडळीवर येतो, अशी त्यांची श्रद्धा होती. एकदा ही श्रद्धा मान्य केली की शेजाऱ्याचे पाप हे शेजाऱ्याचे खाजगी प्रकरण राहत नाही. ते माझेही प्रकरण होते. ते वर कळवणे ही चहाडी न ठरता बंधुप्रेम ठरते. जो कळवत नाही, तोच दोषी! चहाडीला प्रतिष्ठा मिळते ती या दाराने.

कॉन्सिस्टरीची दप्तरे आजही उपलब्ध आहेत. ती पाहिली तर या सभेचे काम एकरंगी नव्हते असे दिसते. जुनी जपमाळ ओढणारी म्हातारी, प्रवचनाला न येणारा कारागीर, आपल्या भाषेत प्रार्थना म्हणता न येणारा गडी असे लोक तेथे बोलावले जात. परंतु भांडणारे नवराबायको, वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ, एकमेकींना शिव्या देणाऱ्या शेजारणी यांनाही तेथे बोलावून त्यांचा समेट घडवून आणला जाई. सभेला तुरुंगात टाकण्याचा अधिकार नव्हता. समज देणे आणि प्रभुभोजनास मज्जाव करणे एवढेच तिच्या हाती होते; पुढची शिक्षा नगरसभा करी. शिवाय बोलावलेला मनुष्य सभेपुढे उभा राही आणि तेथेच त्याला प्रश्न विचारले जात.

तरीही घरातील बोलणे घरात राहिले नाही. पिएर आमो हा नगरसभेचा सभासद. पत्ते तयार करणे हा त्याचा धंदा. १५४६ च्या जानेवारीत त्याने आपल्या घरी काही पाहुण्यांना जेवायला बोलावले आणि जेवताना कॅल्व्हिनविषयी तो बरेच वाकडे बोलला. हा मनुष्य वाईट आहे आणि खोटी शिकवण देतो, असा त्याचा रोख होता. हे बोलणे बाहेर गेले आणि आमो कैदेत पडला. नगरसभेला सौम्य शिक्षेवर भागवायचे होते, पण धर्मोपदेशकांना ते पटले नाही. अखेर एप्रिल महिन्यात केवळ सदरा घालून, बोडक्या डोक्याने, हाती मशाल घेऊन आमोला शहरातून फिरावे लागले आणि देवाची व न्यायसत्तेची क्षमा मागावी लागली. ज्या ताटावर मनुष्य सर्वांत निर्धास्त असतो, त्याच ताटावरचा शब्द येथे पुरावा झाला. असे एक उदाहरण शंभर घरांना पुरते. पुढच्या मेजवानीत प्रत्येकजण शेजारी कोण बसला आहे ते पाहूनच तोंड उघडणार.

जिनीव्हात निदान सारे उघड होते. त्याच शतकात, त्याच येशूच्या नावाने, पण कॅल्व्हिनच्या विरोधी पंथाने आपल्या गोव्यात जे न्यायासन उभारले त्याचा पाया मात्र गुप्ततेवर होता. गोव्याचे इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले आणि १७७४ ते १७७८ हा मधला खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. १५६१ ते १७७४ या काळात त्याच्यापुढे सोळा हजारांहून अधिक लोकांचे खटले चालले. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या संस्थेची माहिती कष्टाने एकत्र केली आहे.

तिची रीत अशी. चर्चमध्ये जाहीरनामा वाचला जाई. कोणी धर्मविरोधी आचार करीत असल्याचे ठाऊक असेल त्याने ते येऊन सांगावे. न सांगेल तो बहिष्कृत होईल. सांगणाऱ्याचे नाव आरोपीला कधीच कळवले जात नसे. आरोपीने आपला गुन्हा आपणच ओळखून कबूल करावा, अशी अपेक्षा असे. कबुली पुरी ठरण्यासाठी आपल्याबरोबर आणखी कोण होते, हेही सांगावे लागे. परिणामी एका माणसाच्या कबुलीतून आणखी चार माणसांवरचे आरोप निघत.

दमण येथे राहणारा शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य १६७३ साली पकडला गेला. बाप्तिस्मा, मूर्ती आणि खुद्द इन्क्विझिशनचा अधिकार यांविषयी तो ओळखीच्या माणसांशी मोकळेपणाने बोलला होता. आपल्याविरुद्ध खरी चिथावणी दमणच्या कारभाऱ्याच्या मत्सरातून आली, असे त्याने पुढे लिहिले. १६७६ साली त्याला शिक्षा झाली आणि सुटका झाल्यावर १६८७ साली त्याने आपली हकीकत छापली. धर्मरक्षणाच्या पडद्याआड खाजगी हिशेब कसे चुकते होतात, हे तीवरून दिसते. ज्याचे नाव कधीच उघड होणार नाही, त्याला खोटे बोलण्याची भीती कसली?

१७३६ च्या जाहीरनाम्यात तर नवख्रिस्ती कुटुंबांना ज्या गोष्टी मना केल्या, त्यांत अंगणात तुळस लावणे, पुरुषांनी धोतर व बायकांनी चोळी वापरणे, आणि भात मिठाशिवाय शिजवणे याही होत्या. या शेवटच्या मनाईकडे लक्ष द्या. तुळस वाटेवरून दिसते, धोतर बाजारात दिसते. पण भातात मीठ घातले की नाही, हे कोणाला कळणार? शिपायाला नव्हे, पाद्रीलाही नव्हे. ते कळणार घरच्या मोलकरणीला, जेवायला आलेल्या पाहुण्याला, रुसलेल्या सुनेला. नियम जसजसा चुलीपर्यंत जातो, तसतशी त्याच्या अंमलबजावणीसाठी घरातल्याच डोळ्यांची गरज लागते. कडक धर्मसंघात चहाड्या माजतात त्या तेथील माणसे अधिक दुष्ट असतात म्हणून नव्हे. पापांची यादी इतकी बारीक केलेली असते की शेजाऱ्याच्या डोळ्यांवाचून तिचा हिशेब ठेवताच येत नाही.

मग कडक संघ आणि चहाडी यांची जोडी अटळच समजावी काय? याचे उत्तर शोधताना एका गोमंतकीयाचीच आठवण होते. साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी बौद्ध संघाच्या नियमांचा मराठी वाचकांना परिचय करून दिला. हा संघ काही सैल नव्हता. पालि पातिमोक्खात भिक्षूंसाठी २२७ नियम आहेत. त्यांतील काही नियम शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. भांडण लावण्यासाठी इकडचे तिकडे सांगणे हा दोष. दुसऱ्या भिक्षूचा गंभीर अपराध जाणूनबुजून झाकणे हाही दोष. तो अपराध संघाच्या संमतीवाचून बाहेरच्या माणसाला सांगणे हाही दोष. आणि रागापोटी दुसऱ्यावर पाराजिकाचा, म्हणजे ज्याने भिक्षुत्वच जाते अशा अपराधाचा, खोटा आळ घेणे हा तर अतिशय गंभीर दोष.

या शेवटच्या नियमाची कथा बोलकी आहे. दब्ब मल्लपुत्त हा भिक्षू कोणी कोठे जेवायला जायचे ते ठरवी. दोघा भिक्षूंच्या वाट्याला निकृष्ट जेवण आले. त्यांना वाटले, हे दब्बानेच मुद्दाम केले. त्यांनी एका भिक्षुणीला पुढे करून त्याच्यावर शीलभंगाचा आळ घातला. बुद्धाने दब्बाला सर्व संघासमक्ष विचारले, चौकशी केली, तेव्हा खरे कारण बाहेर आले. आरोप ब्रह्मचर्याचा होता. राग मात्र जेवणाचा!

म्हणून विनयात असे ठरले की वादाचा निकाल संबंधितांच्या समक्षच लागावा. दोष दाखवणाऱ्याने आधी ज्याला दोष द्यायचा त्याची परवानगी मागावी; योग्य वेळी, खरे, सौम्यपणे, त्याच्या हितासाठी आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे; आणि आपले स्वतःचे आचरण शुद्ध आहे काय ते तपासावे. एकदा काही भिक्षूंनी भांडण नको म्हणून सारा वर्षावास मौनात काढला. बुद्धाने त्यांची स्तुती केली नाही. असे राहणे जनावरांसारखे आहे असे सांगितले. त्यातून पवारणेचा विधी आला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षू स्वतःच संघाला विनंती करतो, की माझा दोष दिसला, ऐकला वा त्याची शंका आली असेल तर मला सांगा. कानात जाणारी गोष्ट येथे तोंडासमोर आणली गेली. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातही हाच क्रम आहे: आधी एकांतात त्यालाच सांगा, मग एकदोन साक्षीदार घ्या, आणि शेवटी मंडळीला कळवा. जिनीव्हा आणि गोवा, दोन्हीकडे हाच ग्रंथ वाचला जात होता.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. ‘तोंडावर सांग’ हा नियम बरोबरीच्या माणसांत ठीक. पण मठातील लहान मुलावर, आश्रमातील निराधार स्त्रीवर ज्याने अत्याचार केला त्या गुरूला आधी एकांतात जाऊन सांग, असे त्यांना म्हणणे हा क्रूरपणा होय. अशा वेळी ‘निंदा करू नका’ हा उपदेश अपराध्याचेच कवच बनतो. म्हणून सांगणे कोणत्या दिशेने जाते हे पाहावे. ज्याचे काही बिघडलेले नाही असा मनुष्य आपल्या बरोबरीच्याचा उंबऱ्याआडचा आचार मोठ्यांच्या कानी घालतो, तेव्हा ती चहाडी. ज्याला इजा झाली तो, किंवा त्याच्या वतीने दुसरा कोणी, इजा करणाऱ्याविरुद्ध दाद मागतो, तेव्हा ती फिर्याद. आणि त्या फिर्यादीला संरक्षण देणे हे संघाचे आणि राज्याच्या कायद्याचेही कर्तव्य आहे. त्या संरक्षणाने आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे हे कळण्याचा व उत्तर देण्याचा हक्क मात्र बुडता कामा नये.

आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या पंथाचे, मंडळाचे, बिरादरीचे सभासद असतात. तेथे एखाद्याविषयी काही कानावर आले की दोन प्रश्न विचारावेत. यात इजा कोणाला झाली? आणि सांगणारा हे आपल्या नावाने, सर्वांसमक्ष सांगावयास तयार आहे काय? तयार नसेल, तर त्याला भय कशाचे आहे ते शोधावे. ज्याच्याविरुद्ध तो बोलतो त्याच्याच सत्तेचे भय असेल, तर त्याला आधार द्यावा. पण आपले बोलणे पारखले जाईल एवढेच भय असेल, तर ती गोष्ट ऐकून तेथेच सोडून द्यावी.