विजेरीने काय उजेड पाडला?

पहिल्या विजेऱ्या सलग जळतच नसत. खटका दाबायचा, दिसेल ते पटकन पाहून घ्यायचं आणि लगेच सोडायचा. कार्बनच्या तारेचा दिवा खादाड, सेल दुबळे. जरा वेळ चालू ठेवली की उजेड मलूल व्हायचा आणि सेलला विश्रांती द्यावी लागायची. डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाच्या नावावर तिचं अमेरिकी पेटंट निघालं 10 जानेवारी 1899 रोजी. पुठ्ठ्याची नळी, आत एकामागे एक सेल, पुढे दिवा आणि ओबडधोबड पितळी वाटी, झाली विजेरी! पेटंट गेलं कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीकडे. हे ह्यूबर्ट मूळचे मिन्स्कचे अकिबा होरोविट्झ. अमेरिकेत पोचल्यावर नाव बदललं. त्यांनी काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट दिल्या, पोलीस खूश झाले आणि धंदा चालू लागला. कंपनीचं पुढचं नाव तुमच्या वाणसामानाच्या यादीत कधी ना कधी येऊन गेलं असेल: एव्हरेडी.

आता दिवा एलईडीचा आलाय, विजेरी रात्रभर जळते, शे-दीडशे रुपयांतही मिळते. दमायचं काम आता गिऱ्हाइकाकडे आलंय, कारण खोक्यावर काय वाट्टेल ते छापलेलं असतं.

पन्नास हजार लुमेन, दोनशे रुपये फक्त!

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. एका मेणबत्तीचे साधारण 12-13 लुमेन. जुन्या 60 वॉटच्या पिवळ्या बल्बचे सातशे-आठशे. आता मुठीत मावणाऱ्या विजेरीच्या खोक्यावर ‘50,000 लुमेन’ वाचलंत तर हिशेब करा: साठाहून जास्त बल्ब एकदम! एवढा उजेड त्या नळीतून खरंच निघाला असता तर ती हातात धरवली नसती.

घरात रात्री उठून मोरीपर्यंत जायला 10-20 लुमेन पुरतात. जिना, गल्ली, बंद पडलेली स्कूटर यांना शंभरएक. शेत आणि ट्रेकला दोनशे-तीनशे. त्यापुढचा उजेड बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या डोळ्यांत जातो. शिवाय लुमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही. आपल्या डोळ्यांचं गणित तसं चालत नाही. चांगल्या कंपनीच्या विजेरीचा सर्वांत प्रखर उजेडसुद्धा काही मिनिटांत आपणहून उतरतो, कारण नळी तापते. तो बिघाड नव्हे.

पाचशे मीटरवर काय दिसतं?

जवळजवळ काहीच नाही! एफएल-1 नावाचं विजेऱ्यांचं एक अमेरिकी मानक आहे, 2009 पासूनचं. त्यात ‘पल्ला’ म्हणजे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतकं. म्हणजे खोक्यावर 500 मीटर लिहिलं असेल, तर तिथे उभा माणूस आहे की बाभूळ, एवढं ओळखलंत तरी पुष्कळ. कामाचा पल्ला निम्माच धरा. आणि गंमत अशी, की पल्ला दुप्पट करायला झोताची तीव्रता चौपट लागते. म्हणून लांब झोताच्या विजेऱ्यांचं डोकं मोठं असतं.

त्याच मानकात ‘किती तास चालते’ याचीही मेख आहे. घड्याळ सुरू होतं दिवा लावल्यावर तीस सेकंदांनी आणि थांबतं ते उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर आल्यावर. ‘20 तास’ लिहिलेली विजेरी त्यातले बरेच तास नुसती मिणमिणत असू शकते. तरीही एफएल-1 चा शिक्का असलेलं खोकं बरं. ज्यावर शिक्का नाही, त्यावरचा आकडा छापखान्याने ठरवलेला असतो.

सेल तोलून घ्या

चार्जिंगच्या विजेऱ्यांत बहुधा 18650 नावाचा लिथियम सेल असतो. त्या आकड्यातच त्याचं माप आहे: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल. एवढ्या आकारात नावाजलेल्या कंपन्यांच्या सेलची क्षमता साधारण साडेतीन हजार एमएएचपर्यंत जाते. बाजारात मात्र त्याच मापाचे 9900 एमएएचचे सेल सर्रास मिळतात! थापा पकडायची सोपी युक्ती सोनाराकडची: वजन. अस्सल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याहून बराच हलका लागला तर आत माल कमी आणि हवा जास्त.

स्वस्त एमर्जन्सी दिव्यांत अजूनही चार व्होल्टची छोटी शिसे-आम्लाची बॅटरी सापडते. ती पूर्ण उतरवून माळ्यावर टाकली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि पावसाळ्यात काढावी तर ढिम्म. अशा दिव्याला वापर असो नसो, महिन्यातून एकदा चार्जिंग द्यायलाच हवं.

उन्हात वाळवलेले सेल

आजी उतरलेले सेल गॅलरीत उन्हात मांडून ठेवायची, आपण हसायचो. पण आजी बरोबर होती! ऊब लागली की सेलमधली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, आतला विरोध घटतो आणि सेल आणखी थोडा उजेड देतो. नवी ऊर्जा अर्थातच येत नाही.

सेलचा खरा शत्रू म्हणजे गळती. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. हातमोजे घाला, कापसाचा बोळा लिंबाच्या रसात बुडवून पुसा, कोरडं करा. विजेरी वाचली तर वाचली. त्यापेक्षा कपाटात ठेवायच्या विजेरीतले सेल काढून तिच्याच शेजारी रबर बँडने बांधून ठेवलेले बरे. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. जुना आधी उतरतो, नवा त्याला ढकलत राहतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

रात्रीची थ्री फेज

विजेरीची खरी परीक्षा शहरात होत नाही. आपल्याकडे शेतीपंपांना थ्री फेजची लाइट आलटून पालटून दिवसा आणि रात्री येते. रात्रीच्या आठवड्यात शेतकरी मध्यरात्री उठून मोटार चालू करायला आणि दारं धरायला निघतो. एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात विजेरी, मग काठी कुठे धरायची? म्हणून डोक्याला बांधायची विजेरी ही ट्रेकवाल्यांची हौस असली, तरी खरी गरज शेतकऱ्याची आहे.

आपल्याकडचे चार मोठे विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार पक्की निशाचर. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. फुरसं तर वीतभर-हातभर, कातळावर पडलेलं असलं की कातळासारखंच दिसतं. इथे लांब फेकणारा अरुंद झोत काही कामाचा नाही. पायाखालचा चार-पाच पावलांचा पट्टा नीट उजळणारा पसरट उजेड हवा. पुढचं पाऊल उजेडातच टाका, बांधावर हात टेकण्याआधी तिथे झोत मारा, पायात गमबूट घाला. मोटारीच्या पेटीत हात घालण्याआधीही आत एकदा उजेड टाका. साप अशा कोरड्या जागेत हमखास येऊन बसतो. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीसारख्या योजना चालू आहेत. त्या बांधाबांधापर्यंत पोचेपर्यंत विजेरीला पर्याय नाही.

फोनमध्ये आहे की!

फोनमधल्या विजेरीचं खरं कौतुक नोकिया 1100 चं. 2003 साली आलेल्या या फोनला डोक्यावर टॉर्च होता आणि तो भारतासारख्या देशांत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो हे ओळखून दिलेला होता. जगात पंचवीस कोटींच्या आसपास विकला गेला तो! त्याची बॅटरी दिवसेंदिवस चालायची. आजच्या फोनची तशी चालत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. अशा वेळी फोनमधला शेवटचा वीस टक्के चार्ज 112 लावायला राखायचा, माजघरात उजेड पाडायला नव्हे.

इकडचं तिकडचं

बंद एलईडी नीट पाहा, मधे पिवळा ठिपका दिसेल. खाली असतो निळा एलईडी आणि वरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा होतो. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात सेल मिळेनात, तेव्हा नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या दाबायच्या विजेऱ्या चालल्या. मूठ दाबत राहायचं, आतला डायनॅमो घुरघुरत उजेड देतो.

डोंगरात अडकलात तर मिनिटात सहा वेळा उजेड दाखवा, मग एक मिनिट थांबा आणि पुन्हा सुरू करा. मदतीच्या हाकेचा हा गिर्यारोहकांचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उत्तर येतं मिनिटाला तीन वेळा.

अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत ती कमाई क्षणात घालवतो. मंद लाल उजेडाने ती बरीच टिकते. आकाशदर्शनाला म्हणूनच लाल कागद लावतात. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला जाणार असाल तर विजेरी खिशातच राहू द्या. काजवे उजेडानेच एकमेकांना बोलावतात, तुमच्या झोतात त्यांची गाठभेट होत नाही.

धुक्यात डोक्यावरची विजेरी समोर पांढरी भिंत उभी करते. काढून हातात घ्या, कमरेजवळ धरा, वाट दिसेल. घरात वीज गेली तर विजेरी पेल्यात उभी करून छताकडे तोंड करा. अख्खी खोली उजळते.

तमिळनाडूत कमल हासन यांच्या पक्षाचं निवडणूक चिन्हच बॅटरी टॉर्च आहे.

मग घ्यायची कोणती?

दोन घ्या. एक दोन पेन्सिल सेलवर चालणारी, साधी, एकाच खटक्याची. ती आपत्तीसाठी, कारण गावातल्या शेवटच्या टपरीवरही पेन्सिल सेल मिळतो आणि चार्जर मात्र वीज मागतो. दुसरी रोजच्या वापराची, चार्जिंगची, फोनच्याच वायरने चार्ज होणारी आणि शक्यतो सेल बदलता येणारी. दोन्हींवर निदान आयपीएक्स-4 लिहिलेलं असावं. म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतील. पाण्यात पडण्याची भीती असेल तर आयपीएक्स-7 पाहा, एक मीटर पाण्यात अर्धा तास. डोकं पुढे-मागे सरकवून झोत बदलणाऱ्या विजेऱ्या दिसायला झकास, पण त्याच फटीतून पाणी शिरतं. ‘डिस्को’सारखी लुकलुक करणारीला तर मी हातही लावणार नाही, नेमकं घाईच्या वेळी तिचा खटका पाच वेळा दाबावा लागतो.

दुकानात खटका दहा-वीस वेळा दाबा, झाकण उघडून आतली स्प्रिंग आणि रबरी कडी पाहा. घरी आणल्यावर पहिल्याच रात्री सगळे दिवे बंद करून ती तासभर लावून ठेवा. बिल आणि खोकं त्याआधी फेकू नका.