वाड्याच्या तुळईपासून लाकडी मनोऱ्यापर्यंत

चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटीमार्गे बेळगाव गाठणाऱ्या गोमंतकीयांना खानापूर तालुक्याचे रान परिचित आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील जुन्या वाड्यांच्या भिंती दगड-मातीच्या असल्या, तरी माडीचा भार सागवानी खांब आणि तुळयाच पेलतात. खांबाच्या टोकाची कूस तुळईच्या खाचेत बसते, वर कडीपाट येतो आणि खांबाखालचा दगडी उथळा ओल व वाळवी दूर ठेवतो. मात्र ही रचना दोन-तीन मजल्यांवरच थांबे. तुळईची लांबी झाडाच्या बुंध्यानेच ठरवलेली असे.

ही मर्यादा ओलांडली ती डिंकाने. फळ्यांचे थर एकमेकांशी काटकोनात चिकटवून जाड, भक्कम पाट करण्याचे तंत्र 1990 च्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनीत विकसित झाले. नॉर्वेतील म्योस्टोर्नेट (2019) 18 मजली, 85.4 मीटर उंच आहे. अमेरिकेतील मिलवॉकीची असेंट (2022) 25 मजली. अर्थात असेंटचे खालचे सहा मजले आणि जिना-लिफ्टचा गाभा काँक्रीटचाच आहे. लाकडाचे वजन काँक्रीटच्या सुमारे एक-पंचमांश असते. त्यामुळे पायावरचा भार घटतो, पण वाऱ्यात इमारत डोलू लागते. म्हणून म्योस्टोर्नेटच्या वरच्या सात मजल्यांना मुद्दाम काँक्रीटची जमीन घालून वजन वाढवावे लागले!

आगीचे काय? पुण्याचा शनिवारवाडा 1828 मध्ये भस्मसात झाला, हे मराठी माणूस विसरत नाही. जाड तुळई मात्र मिनिटाला जेमतेम 0.7 मिलिमीटर जळते. बाहेरचा कोळसा आतल्या लाकडाचे रक्षण करतो. पातळ फळ्या आणि नक्षीदार जाळ्या यांना हे संरक्षण नाही. नव्या इमारतींतही त्यामुळे पाण्याच्या फवाऱ्यांची जोड असते.

आपल्याकडे खरा अडसर लाकडाचाच आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये घातलेली लाकूडबंदी 2020 मध्ये उठली. तरी साग तयार व्हायला पाच-सहा दशके लागतात. खानापूर तालुक्यातील भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे आणि गोव्याची तहान भागवणाऱ्या म्हादईचा उगमही याच तालुक्यात आहे. या रानावर कुऱ्हाड चालवून उभारलेला मनोरा पर्यावरणस्नेही म्हणवणे हास्यास्पद ठरेल. लाकूड यायचे तर शेताच्या बांधावरील लागवडीतूनच यावे लागेल. तूर्त पाडलेल्या वाड्यांच्या तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात हातोहात विकल्या जात आहेत.