मंदी, राज्यकर्ते आणि शेतकऱ्याचे देणे

गेल्या हंगामात भाताची शिवारफेरी आटोपून कापूरहोळच्या फाट्यावर चहा घेत असताना एका जुन्या जाणत्या शेतकऱ्याने प्रश्न टाकला, "सर, मंदी मंदी म्हणतात, ती आली की वरचे पुढारी नेमके करतात तरी काय? आणि ते आमच्या खळ्यापर्यंत पोचते का?" खत-बियाण्याच्या प्रश्नाला लगेच उत्तर देता येते, याला देता आले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम मंदीत शेतकऱ्याचे काय होते ते समजून घेऊ. समजा, एका कुटुंबाचे भात ५० मण झाले. शेतसारा, सावकाराचे व्याज व सोसायटीचा हप्ता मिळून ६० रुपये देणे आहे. (आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) मणाला ३ रुपये भाव असेल तर २० मण विकून देणे फिटते आणि घरात ३० मण राहते. भाव दीड रुपया झाला की त्याच देण्यासाठी ४० मण विकावे लागते आणि घरात उरते १० मण. पीक तेवढेच आले, कष्ट तेवढेच झाले आणि शेतकरी निम्म्याने नव्हे, दोन तृतीयांशाने बुडाला. मंदीत भाव पडतो, देणे पडत नाही. त्यामुळे राज्यकर्त्यांचा कोणताही उपाय तपासताना तो भावाला हात घालतो की देण्याला, आणि किती दिवसांनी, हे पाहावे.

आपल्या मुलखाने पाहिलेली सर्वांत मोठी मंदी १९२९ नंतरची. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक (१९१४ = १००) १९२९ मध्ये १४१ होता. १९३१ मध्ये तो ९६ झाला आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. शेतमालाचे भाव तर पक्क्या मालापेक्षा जास्त कोसळले. मुंबई इलाख्यात रयतवारी होती व जमिनीचा आकार साधारणपणे ३० वर्षांसाठी ठरलेला असे. म्हणजे चांगल्या भावाच्या काळात बसवलेला सारा पडत्या भावात भरणे आले. सावकाराचा कागदही जुन्याच आकड्याचा. मग शेतकऱ्याने काय केले? घरातले सोने मोडले. १९३१ ते १९३९ या काळात हिंदुस्थानातून तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने परदेशी गेले. त्यातला किती तरी भाग म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरचे डाग होते, हे विसरून चालणार नाही.

त्या वेळचे राज्यकर्ते लंडनला बांधलेले होते. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने आपल्या पौंडाची सोन्याशी असलेली सांगड सोडली, पण रुपया मात्र एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे १८ पेन्स, याच दराने पौंडाला बांधून ठेवला. हा दर ऐकायला रुक्ष वाटतो, पण त्याचा हिशेब सोपा आहे. पौंडात २४० पेन्स. आपला एक पौंडाचा कापूस बाहेर विकला तर १८ पेन्सच्या दराने हाती १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. दर १६ पेन्स असता तर १५ रुपये पडले असते. महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये ज्या अकरा मागण्या पुढे केल्या, त्यांत रुपयाचा दर १६ पेन्सवर आणावा आणि शेतसारा निम्मा करावा, या दोन्ही होत्या. मिठाचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच यादीतल्या या दोन कलमांपैकी एक भावाला लागू पडणारे होते आणि दुसरे देण्याला. शेतकऱ्याचे दुखणे बरोबर कोठे आहे हे त्या यादी करणाऱ्याला कळले होते, असे माझे मत आहे. सरकारने दोन्ही मानली नाहीत.

एक उपाय मात्र सरकारने केला आणि त्याचा परिणाम आपल्या शेजारीच दिसतो. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला व जावाहून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसली. देशात तीसच्या आसपास असलेले साखर कारखाने चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. कापूरहोळहून नारायणपूरमार्गे सासवडला जाता ना? त्या सासवडचे माळी शेतकरी नीरेच्या कालव्यावर अकलूजकडे जाऊन ऊस लावीत व गूळ करीत. गुळाचा भाव कोसळल्यावर त्यांनी रडत न बसता आपसांत भांडवल जमवले आणि १९३२ मध्येच सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी उभी केली. तोच आजचा माळीनगरचा कारखाना. नीरेच्या कालव्यांना पाणी पुरवणारे भाटघरचे धरण मात्र आपल्या भोरचे! जकातीचा लाभ ज्याच्याकडे कालव्याचे पाणी व चार माणसांची एकी होती त्याला झाला. भात, नाचणी, वरई पिकवणाऱ्या मावळ्याच्या पदरात त्यातून काही पडले नाही. उपाय एका पिकाला लागू पडतो, दुसऱ्याला नाही, हे येथे नीट ध्यानात घ्यावे.

आता थोडे अमेरिकेकडे पाहू, कारण आजच्या अनेक योजनांची मुळे तेथे आहेत. अध्यक्ष हूव्हर यांच्या काळात १९२९ मध्ये शेती मंडळ स्थापून ५० कोटी डॉलरच्या निधीतून गहू व कापूस खरेदी करून भाव धरण्याचा प्रयत्न झाला. पेरा मात्र तेवढाच राहिला, गोदामे भरली, पैसा संपला आणि भाव पुन्हा आपटला. १९३३ मध्ये रूझवेल्ट आले. त्यांनी पेरा कमी करणाऱ्या शेतकऱ्याला रोख मोबदला दिला. पहिल्या वर्षी सुमारे एक कोटी एकर कापूस उभा नांगरला गेला व सुमारे साठ लाख डुकरे मारली गेली. शहरात लोक उपाशी असताना हे चालले होते, म्हणून टीकाही जबर झाली. शिवाय मोबदला जमीनमालकाच्या हाती पडला आणि दक्षिणेकडचे अनेक वाटेकरी कुळे जमिनीवरून हुसकली गेली. १९३६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. टिकली ती ऑक्टोबर १९३३ मधली दुसरी योजना. शेतकऱ्याने माल गोदामात ठेवावा, ठरावीक भावाने त्यावर कर्ज घ्यावे, पुढे भाव वाढला तर माल सोडवून विकावा, न वाढला तर माल सरकारला सोडून मोकळे व्हावे. काढणीच्या आठवड्यात माल फेकून देण्याची सक्ती यामुळे टळली.

आपल्याकडे देण्याला हात घालणारा कायदा येण्यास १९३९ उजाडले. १९३७ च्या निवडणुकीनंतर बाळासाहेब खेर मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळाने शेतकरी कर्ज निवारण कायदा व शेतमाल बाजार कायदा, असे दोन्ही १९३९ मध्ये आणले. आजची बाजार समिती याच दुसऱ्या कायद्याच्या वंशातली. पण युद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कर्ज कायद्याची अंमलबजावणी रेंगाळली आणि १९४७ मध्ये तो नव्याने करावा लागला. तोवर युद्धामुळे भाव चढले होते. ज्याची जमीन १९३२-३३ मध्ये सावकाराकडे गेली त्याला या कायद्याचा काय उपयोग? भोर तर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत इलाख्याचा कायदा तेथे आपोआप लागू होत नसे.

आज केंद्र सरकार आधारभूत किंमत जाहीर करते. परंतु किंमत जाहीर होणे वेगळे आणि आपल्या तालुक्यात काटा लागून माल उचलला जाणे वेगळे. टोमॅटो, वाटाणा, भाजीपाला यांना तर अशी किंमतच नाही. २००८ ची केंद्राची कर्जमाफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ करणारी होती, पण ती बँक व सोसायटीच्या कर्जापुरती. सावकाराच्या वहीला तिने हात लावला नाही. म्हणून बातमी वाचताना आपले पीक आणि आपले देणे त्यात बसते का, एवढे आधी तपासावे.

भावाच्या बाबतीत एक साधन आपल्या हाताशी आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या भात, सोयाबीन, तूर, हरभरा अशा मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, गोदामात जागा आहे का, याची चौकशी काढणीपूर्वीच करावी. इंद्रायणीचे भात झोडून लगेच पोत्यात भरू नये. ओलावा १३-१४ टक्क्यांवर येईपर्यंत उन्हात वाळवावे, कचरा व पळींज उफणून काढावे आणि मगच गोदामात न्यावे. सातबारा व बँक खात्याचे पुस्तक सोबत ठेवावे.