जी६पीडी : कल्याणचे नाव लागलेले एन्झाइम

नाशिकहून रेल्वेने मुंबईला जाताना लागणाऱ्या कल्याणचे नाव रक्तविज्ञानातही आहे. जी६पीडी या एन्झाइमचा एक बदललेला प्रकार एका कोळी कुटुंबात आढळला. १९८४ साली ‘जी६पीडी कल्याण’ म्हणून त्याची नोंद झाली.

जी६पीडीमुळे पेशीत ग्लुकोजच्या मदतीने एनएडीपीएच तयार होते. तांबड्या पेशींचा ऑक्सिडीकरणापासून बचाव त्यावरच चालतो. एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्विन या औषधाने या पेशी फुटतात, कावीळ होते, लघवी काळपट होते. व्हायवॅक्स हिवताप उलटू नये म्हणून हेच औषध १४ दिवस देतात. त्यामुळे जी६पीडीची तपासणी महत्त्वाची.

अभ्यासासाठी या एन्झाइमचे मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात. जिवाणू ५१५ अमिनो आम्लांचे हे प्रथिन बनवतो. ते शुद्ध करून त्यात ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि एनएडीपी मिसळतात. तयार होणारे एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते. हे शोषण किती वेगाने वाढते, त्यावरून एन्झाइमची ताकद कळते. कल्याण प्रकारात ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन असते. जनुकात नेमका तेवढाच बदल करून मूळ आणि बदललेले एन्झाइम शेजारी-शेजारी तपासता येते. संशोधनासाठी विकले जाणारे असे एन्झाइम औषध म्हणून मात्र वापरायचे नसते.