पंगत उठत नाही तोवर: कनेक्शन पूलबद्दलचे गैरसमज

ॲमेझॉनच्या एस३ मधून फाइली वाचणारा जावा प्रोग्रॅम काही तास नीट चालतो आणि मग लॉगमध्ये एकच तक्रार येऊ लागते: ‘टाइमआउट वेटिंग फॉर कनेक्शन फ्रॉम पूल’.

‘एस३ने आपल्याला अडवलं’, हा पहिला गैरसमज. खरं तर ती विनंती आपल्या मशीनबाहेर पडलेलीच नसते. पूल आपल्याच प्रोसेसमध्ये असतो आणि थ्रेड तिथेच ताटकळतो. एस३ला भार झेपत नसेल तर ५०३ ‘स्लो डाउन’ असं उत्तर येतं. एका प्रिफिक्सवर सेकंदाला किमान ५,५०० वाचनं ती पेलते.

‘मग पूल मोठा करा.’ कधी कधी हे बरोबरही असतं. जावा एसडीकेत मूळ मर्यादा ५० कनेक्शनची. एका वाचनाला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला २५० वाचनं होतात. २०० थ्रेड एकदम वाचत असतील तर आकडा वाढवायलाच हवा. पण भार तेवढाच असूनही वापरातली कनेक्शनं तासागणिक वाढत असतील, तर ती गळती आहे. तिथे ५०चे ५०० केले की बिघाड फक्त उशिरा होतो, आणि शोधायला जास्त कठीण जातो.

गळती बहुतेकदा न मिटलेल्या स्ट्रीममधून होते. पंगतीत जेवणारा उठल्याशिवाय त्याच्या पाटावर दुसरा बसत नाही, तसंच हे. एचटीटीपी १.१ मध्ये आधीचं उत्तर पूर्ण वाचल्याशिवाय तेच कनेक्शन पुन्हा वापरता येत नाही. फाइलची पहिली ओळ वाचून अपवाद आला, क्लोज राहून गेलं, की एक पाट अडला. ‘गार्बेज कलेक्टर बघून घेईल’ यावर विसंबू नये. तो मेमरी कमी पडली की धावतो, कनेक्शन कमी पडल्याचं त्याला कळत नाही. प्रत्येक स्ट्रीम ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच उघडावा. सुरुवातीचे चार केबीच हवे असतील तर रेंज देऊन तेवढेच मागवावेत.

पायथनवाल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. बोटो३चा पूल मुळात १० चा, पण तो भरला तरी थ्रेड अडत नाही; जादा कनेक्शन उघडतं, वापरून फेकलं जातं आणि लॉगमध्ये इशारा उमटतो.

जावातली गळती पकडायला माझा भरवशाचा उपाय म्हणजे टेस्टमध्ये पूल १ वर आणणं आणि एकाच थ्रेडमधून फाइली एकामागून एक वाचणं. स्ट्रीम उघडा राहत असेल तर दुसरीच फाइल अडकते, आणि स्टॅक ट्रेसवरून मागचं वाचन कुठे झालं ते शोधता येतं.