मावळात स्कूटर घेताना

मावळातल्या घरी स्कूटर लागते ती कामशेतचा बाजार, वडगावची कचेरी किंवा तळेगाव-लोणावळ्याचं लोकल स्टेशन गाठायला. गिअरलेस स्कूटरचा पायाशी सपाट फळा इथे फार उपयोगी: इंद्रायणी तांदळाचं पोतं तिथे आडवं बसतं. मोटारसायकलवर तेच मागे दोरीने बांधावं लागतं.

स्कूटर या भागाला नवी नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 1972 मध्ये चेतक आणली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, सुरू होईना तर गाडी तिरकी करायची! 2020 मध्ये चेतक परतली, पण विजेवर.

निवड करताना चाक आधी पाहावं. दहा इंचांचं पुढचं चाक पावसाळ्यातल्या खड्ड्यात दणका देतं. बारा इंचांचं सोसतं.

मग ब्रेक. गिअरलेस गाडीत पट्टा आणि पुली गिअरचं काम करतात. घाट उतरताना गिअर पाडून वेग आवरायची सोय नाही. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो, पकड कमी होते. पुढे डिस्क असलेली गाडी थोडी महाग, तरी घाटाकडच्या माणसाने तीच घ्यावी. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जुना मुंबई-पुणे रस्ताच आपला. विजेची स्कूटर घ्यायची तर चार्जिंगचा प्लग पावसाच्या झडीपासून आडोशाला हवा.